गिटारची झरझर : दोष बोटांचा की वाद्याचा?

हल्ली तालुक्याच्या गावातही गिटारचे क्लास निघालेत. नवी गिटार महाग, म्हणून बऱ्याच घरी कुणाची तरी वापरलेली येते. आमच्या लेकीलाही तशीच घेतली. पण पंधरा दिवसांतच पोरगी हिरमुसली. तिसऱ्या फ्रेटमागे बोट ठेवून तार छेडली की सुराबरोबर ‘झर्रऽऽ’! जो तो सांगायचा, ‘जोरात दाब.’ बोटांची टोकं सुजली, तरी झरझर थांबेना. ‘आई, मला नाही जमत, क्लास बंद करू या,’ म्हणाली. मी सरांना म्हटलं, तुम्हीच वाजवून बघा बरं. त्यांच्या बोटाखालीही तेच! म्हणजे दोष लेकीचा नव्हताच.

मग जिल्ह्याच्या गावी, वाद्यं दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेलो. ते म्हणाले, ‘तंबोऱ्यात आपण दोरा सरकवून जवारी मुद्दाम काढतो. तिथं तार घोडीला हलकेच चाटते. गिटारमध्येही तार कशाला तरी चाटतेच आहे, पण नको तिथं. ती जागा शोधायची.’

सुरुवात तारांपासून. गंजलेल्या तारा बदला आणि सहाही तारा सुरात लावा. त्यासाठी मोबाइलवर ट्यूनरचं अ‍ॅप मिळतं. तार सैल असली की जास्त हेलकावे खाते आणि झरझरते.

आता एकेक तार, एकेक फ्रेट वाजवून कागदावर टिपून ठेवा. फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या. नुसती मोकळी तारच झरझरत असेल तर मानेच्या टोकाशी असलेल्या ‘नट’ची खाच खोल झालेली असते. खाचेत तारेखाली कागदाचा कपटा सरकवून बघा. आवाज थांबला तर चोर सापडला! एकाच ठिकाणी झरझर असेल तर बहुधा त्याच्या पुढची, घोडीकडची फ्रेट उचललेली असते. तीन फ्रेटवर टेकेल अशी छोटी स्टीलची मोजपट्टी उभी धरा. डुगडुगली तर मधली उंच.

पहिल्या चार-पाच फ्रेटवर सगळीकडेच झरझर असेल तर मान तपासा. पहिली फ्रेट आणि मान जिथं पोटाला मिळते ती फ्रेट, अशा दोन्ही ठिकाणी तार एकदम दाबा. सातव्या फ्रेटपाशी पातळ व्हिजिटिंग कार्डाएवढी फट हवी. ती नसेल तर मानेतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, किंचित सैल करावी लागते. एका वेळी फार तर पाव वळसा, आणि तोही जाणकाराच्या हातून. नायलॉनच्या तारांच्या गिटारीत बहुधा ही सळई नसते.

झरझरीऐवजी खुळखुळ ऐकू येते? मग खुंट्यांचे सैल स्क्रू बघा, तारेचं लोंबतं टोक बघा, पट्ट्याचं बटण बघा. पोटात पडलेलं पिकसुद्धा वाजतं. एकीनं तार छेडावी, दुसरीनं एकेक भाग बोटानं दाबून धरावा. आवाज बंद झाला की जागा कळली. बाहेर काही नसेल तर पोटावर बोटाच्या पेरानं हलकेच टिचक्या मारा. आतली आधारपट्टी सुटली असेल तर तिथं फुटक्या मडक्यासारखा आवाज येतो. घरी गोंद ओतू नका, हे काम कारागिराचंच.

आमची चौथी फ्रेट उचलली होती. काकांनी ती हलक्या हातानं ठोकून बसवली आणि घासून इतरांच्या बरोबरीला आणली. एवढंच!

ऋतूही खेळ करतात बरं का. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि तारा वर येतात, त्यामुळे दाबायला जड जातं. कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आक्रसतं, तारा खाली बसतात आणि झरझर सुरू होते. म्हणून गिटार उन्हात किंवा ओलसर भिंतीला टेकवून ठेवू नका.

आणि वापरलेली गिटार घ्यायला जाल तेव्हा आपली पोर कितीही उतावीळ होवो, पैसे द्यायच्या आधी सहाही तारा प्रत्येक फ्रेटवर वाजवून घ्या. साडी घेताना पदर उलगडून बघतोच ना, तसंच!