लोनोमिया: लक्षण कोणते धरायचे?

मागच्या वेळी आपण न्यायशास्त्रातले 'लक्षण' पाहिले. गाईचे लक्षण 'कपिल रंग' म्हटले तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती. 'शिंगे' म्हटले तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. कुणी म्हणेल, आता गाईला कोण चुकतंय? म्हणून आज आपण दक्षिण अमेरिकेत जाऊ.

तिथे लोनोमिया नावाचे पतंग आहेत. आपल्या विदर्भातल्या टसरचा पतंग ज्या कुळातला, त्याच कुळातले. बसला की वाळके पान वाटावे असा, पंखावर पानाच्या शिरेसारखी तिरकी रेघ. पण रेघ बऱ्याच जातींत आहे, म्हणजे अतिव्याप्ती. रंग घ्यावा, तर एकाच जातीतले नर-मादी वेगळ्या रंगाचे! अव्याप्ती. मग अभ्यासक काय करतात? नराच्या पोटाचे टोक क्षाराच्या द्रावणात मऊ करून जननांगांचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. किचकट काम आहे, पण बरीच वर्षे निवाडा त्यावरच होत आला.

हा नुसता संग्रहालयातला वाद नव्हे. या सुरवंटांच्या काट्यांत विष असते. ते झाडाच्या खोडावर घोळक्याने बसतात, सालीत मिसळून जातात. हात टेकला की संपलं. रक्त गोठण्याची यंत्रणाच बिघडते, रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. दक्षिण ब्राझीलमधली ऑब्लिक्वा आणि उत्तरेकडची, व्हेनेझुएलातली अकेलौस, दोघींच्या विषाची रीतही तंतोतंत एक नाही. साओ पाउलोच्या बुतांतान संस्थेने 1990 च्या दशकात प्रतिविष काढले, ते ऑब्लिक्वाच्या काट्यांचा अर्क घोड्यांना टोचून. दुसऱ्या जातीवर ते कितपत चालेल, हे तपासूनच पाहावे लागते.

आता आपली खरी अडचण बघा. लक्षण ठरवले प्रौढ नरावरून, आणि रुग्ण दवाखान्यात आणतो सुरवंट! त्याला कुठली आलीत जननांगे? इथे 2003 साली पॉल हेबर्ट यांनी मांडलेली डीएनए बारकोडची कल्पना उपयोगी पडते. एका जनुकाचा साधारण 650 अक्षरांचा तुकडा वाचायचा. तो अळीत आणि पतंगात एकच. मात्र किती अक्षरे बदलली की जात बदलली, हे जनुक सांगत नाही. ते आपल्यालाच ठरवावे लागते, आणि त्यासाठी पुन्हा ती जननांगे, ते प्रदेश, ती झाडे समोर घेऊन बसावे लागते.