गोळ्या बंद केल्या, आता ‘चान्स’ घेतोय : शरीरात नेमकं काय होतं?

(या भागाचा हा लेखी मजकूर. माझे ‘अं’ आणि ‘म्हणजे कसं’ तेवढे काढलेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

इअरफोन लावलेत ना? कारण आजचा विषय घरात स्पीकरवर ऐकायची सोय अजून तरी फारशी नाही.

गर्भनिरोधक गोळ्या थांबवल्यावर मूल व्हायला किती वेळ लागतो? आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, कोड लिहिते. पण गेले सहा महिने आम्ही दोघंही चान्स घेतोय, त्यामुळे हा विषय वाचून, डॉक्टरांना विचारून बऱ्यापैकी समजून घेतलाय. आणि ‘इतकी वर्षं गोळ्या घेतल्यास, म्हणून दिवस राहत नाहीयेत’ हे वाक्य मीही ऐकलंय. ते वाक्य खरं आहे का, तिथूनच सुरुवात करू.

गोळी काय करते?

मेंदूच्या खाली पिट्युटरी नावाची छोटी ग्रंथी असते. ती एफएसएच आणि एलएच ही दोन हार्मोन्स सोडते. त्यांच्या सांगण्यावरून अंडाशयात स्त्रीबीज तयार होतं आणि बाहेर पडतं. गोळीतून इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन बाहेरून मिळायला लागलं की मेंदूला वाटतं, खाली सगळं चालू आहे, आपण गप्प बसावं. ऑर्डरच जात नाही, म्हणून बीजही बाहेर पडत नाही.

सरकारी दवाखान्यात मिळणारं माला-एनचं पाकीट आठवा. २८ गोळ्या असतात, त्यातल्या २१ हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या. लोहाच्या गोळ्यांच्या दिवसांत जो रक्तस्राव होतो, ती खरी पाळी नसतेच. हार्मोन अचानक थांबल्यामुळे गर्भाशयाचं अस्तर गळतं, एवढंच. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे ॲपच्या वेळी लागणार आहे.

गोळी थांबवली की तिच्यातली हार्मोन्स काही दिवसांत शरीराबाहेर जातात. वर्षानुवर्षं साठून वगैरे राहत नाहीत. ‘आधी औषधानं शरीर साफ करून घे’ असं कोणी म्हणालं तर साफ करण्यासारखं आत काही नसतं. मग मेंदू परत ऑर्डर द्यायला लागतो. काहींचं बीज दोन-तीन आठवड्यांतच बाहेर पडतं, काहींना दोन-तीन महिने लागतात. थांबवल्यावर मुद्दाम तीन महिने वाट बघायचीही गरज नाही. लगेच दिवस राहिले तरी गोळीमुळे गर्भपाताचा धोका वाढत नाही. चालू पाकीट संपवून थांबलात तर तारखा मोजायला सोपं जातं, इतकंच.

सगळी साधनं सारखी नसतात

तांबी, म्हणजे कॉपर-टी, हिच्यात हार्मोनच नसतं. काढली की शरीर तयार. हार्मोनवाली तांबी काढल्यावरही फार वेळ लागत नाही. ‘छाया’ ही आठवड्याची गोळी हार्मोनची नाही, लखनौच्या सीडीआरआय या सरकारी संस्थेत शोधलेली आहे. इमर्जन्सी गोळी कधीतरी घेतली होती म्हणून आता मूल होत नाही, असंही नसतं.

वेगळं प्रकरण आहे ते इंजेक्शनचं. सरकारी कार्यक्रमात ‘अंतरा’ नावानं मिळतं ते, दर तीन महिन्यांनी घ्यायचं. त्याचा साठा स्नायूतून हळूहळू सुटतो. त्यामुळे शेवटच्या इंजेक्शननंतर बीज पुन्हा नियमित बाहेर पडायला साधारण सात ते दहा महिने जाऊ शकतात, कधी त्याहून जास्त. क्षमता जात नाही, उशीर होतो. पुढच्या वर्षी मूल हवं असा विचार असेल, तर हे डॉक्टरांशी आजच बोला.

मग त्या वाक्याचं काय?

२०१८ साली २२ अभ्यास एकत्र करून एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. साधनं थांबवल्यानंतर एका वर्षात सुमारे ८३ टक्के स्त्रियांना दिवस राहिले होते. साधन कधीच न वापरलेल्या जोडप्यांचाही आकडा याच आसपास असतो. म्हणजे गोळीनं वंध्यत्व येतं, हे चूक.

पण लोकांना तसं का वाटतं, त्यालाही कारण आहे. पहिलं म्हणजे वय. २४व्या वर्षी गोळी सुरू केली आणि ३३व्या वर्षी थांबवली, तर मधली नऊ वर्षं वय वाढलंच. गोळीनं बीजं शिल्लकही पडत नाहीत आणि जास्त संपतही नाहीत. दुसरं, पीसीओएस. काही मुलींना पाळी अनियमित म्हणूनच गोळी दिलेली असते. घेत असेपर्यंत महिन्याच्या महिन्याला रक्तस्राव, सगळं ठीक वाटतं. थांबवली की मूळचा अनियमितपणा परत दिसतो आणि आळ गोळीवर येतो. त्रास गोळीच्या आधीपासूनच होता, गोळीनं तो फक्त झाकला होता.

पिरियड ॲप : इथे माझा धंदा येतो

ॲप भविष्य सांगत नाही, सरासरी काढतं. तुम्ही मागच्या तारखा टाकल्या, त्यानं पुढची तारीख अंदाजानं मांडली. आता विचार करा, दोन वर्षं तुम्ही गोळीच्या रक्तस्रावाच्या तारखा टाकल्यात. दर २८ दिवसांनी, घड्याळ लावल्यासारखं. ते चक्र शरीराचं नव्हतं, पाकिटाचं होतं. गोळी थांबवल्यावरचं खरं चक्र ३५ दिवसांचं निघालं तर?

बीज बाहेर पडल्यापासून पुढच्या पाळीपर्यंतचा काळ साधारण १४ दिवसांचा असतो. मागे-पुढे होतो तो त्याच्या आधीचा काळ. ३५ दिवसांच्या चक्रात बीज २१व्या दिवसाच्या आसपास बाहेर पडतं. ॲप मात्र १४व्या दिवशी फूल उमलवून दाखवतं, आणि तुम्ही बरोबर चुकीच्या आठवड्यात शिकस्त करता. म्हणून गोळीच्या काळातल्या नोंदी बाजूला काढा आणि पहिल्या खऱ्या पाळीपासून नवी सुरुवात करा. तीन-चार चक्रं होईपर्यंत त्या फुलाला फार मान देऊ नका.

बीज जेमतेम १२ ते २४ तास टिकतं, शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत. म्हणून बीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच, असे सहा दिवस कामाचे. ते नेमके शोधण्याच्या नादात घरातलं वातावरण प्रोजेक्टच्या डेडलाइनसारखं होतं, हे अनुभवानं सांगते. त्यापेक्षा महिनाभर दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवले की ती खिडकी आपोआप सापडते. एलएचची पट्टी वापरायला हरकत नाही, पण पीसीओएस असेल तर ती फसवू शकते.

सहा महिने म्हणजे खूप झाले का?

थोडं गणित करू. समजा, दर महिन्याला दिवस राहण्याची शक्यता २० टक्के. अशी १०० जोडपी घेतली, तर तीन महिन्यांनी साधारण ४९ जणांकडे बातमी असेल. सहा महिन्यांनी ७४, वर्षानं ९३. प्रत्यक्षात सगळ्यांची शक्यता सारखी नसते, म्हणून वर्षाचा आकडा ८०-८५च्या घरात येतो. पण मुद्दा हा, की सगळं नॉर्मल असूनही सहाव्या महिन्यात चौघांतलं एक जोडपं वाट बघतच असतं. आम्ही सध्या त्या चौथ्यात आहोत. हे गणित माहीत असूनही पाळी आली की त्या दिवशी वाईट वाटतंच. पण घरी कोणी गोळ्यांचा विषय काढला, की मी आता हेच आकडे शांतपणे सांगते.

आणि त्याचं काय?

मूल न होण्यामागे जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीनं असतं. तरी तपासण्यांची रांग बायकोपासूनच लागते. वीर्यतपासणी ही सगळ्यात सोपी आणि तुलनेनं स्वस्त तपासणी. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता सॅम्पल द्यायचं. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. म्हणजे आज सिगारेट, तंबाखू, गुटखा बंद केला, तर रिपोर्टमध्ये फरक दिसायला तेवढा वेळ द्या. दादा लोकहो, हा भाग फॉरवर्ड करायचा नाही, ऐकायचाय.

आता करायच्या गोष्टी

१. फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, चान्स घ्यायच्या निदान महिनाभर आधीपासून. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत बंद होते, तोवर कित्येकींना दिवस राहिल्याचं कळलेलंही नसतं. मधुमेह, फिट्सची औषधं वगैरे असतील तर डोस डॉक्टरांनाच विचारा.

२. हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर आणि दोघांपैकी एकाची तरी थॅलेसेमियासाठीची तपासणी. रुबेलाची लस घेतली नसेल तर आधी घ्या, आणि त्यानंतर एक महिना थांबा.

३. गोळी थांबवून तीन महिने झाले तरी पाळी आली नाही, तर आधी प्रेग्नन्सी टेस्ट, मग डॉक्टर.

४. वय ३५च्या आत असेल तर एक वर्ष, ३५च्या पुढे असेल तर सहा महिने प्रयत्न करून डॉक्टरांकडे जा. पाळी खूप अनियमित असेल किंवा आधी काही ऑपरेशन, इन्फेक्शन झालं असेल तर एवढंही थांबू नका. आणि जाताना दोघं जा.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, नाव सांगायची गरज नाही. पुढच्या भागात पीसीओएसवर बोलू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि एकमेकांशी जरा गोड बोला.