घर पसंत नाही, पण कशामुळे?

पुण्यात किंवा मुंबईत जुना फ्लॅट विकायला निघाला की सुरुवातीला बरीच कुटुंबं पाहून जातात. दाराशी चपला काढतात, हॉलमध्ये उभं राहून छताकडे बघतात, बाथरूमचं दार उघडून लगेच मिटतात आणि ‘घरी बोलून कळवतो’ म्हणत जिना उतरतात. फोन येत नाही. नकाराचं कारण मालकाला तोंडावर कुणी सांगत नाही, ते एजंटच्या कानावर जातं. कुठल्याही एजंटला विचारलं तरी यादी तीच असते: ओल दिसली, दार दक्षिणेला आहे, लिफ्ट नाही, पार्किंग नाही, गॅलरीतून स्मशान दिसतं, पाणी टँकरचं आहे.

यातली काही कारणं अगदी रास्त आहेत. काही नुसती ऐकीव आहेत आणि त्यांच्यापायी चांगली घरं हातची जातात. काळजी वाटावी अशी गोष्ट मात्र वेगळीच आहे. ज्या दोषांमुळे माणसं खरोखर उघड्यावर आली, त्यातले बरेचसे या यादीत नसतात.

ओलीचंच घ्या. कोपऱ्यातला पिवळट डाग, रंगाचे पोपडे, भिंतीला लागलेला पांढरा लोणा आणि बंद खोलीचा कुबट वास एवढं दिसलं की बहुतेक लोक माघारी फिरतात. पण सगळी ओल एका जातीची नसते. बाथरूमचा स्लॅब थोडा खाली टाकून त्यात विटांचे रोडे भरतात आणि वर फरशी बसवतात. नहाणी ट्रॅपचा सांधा सुटला किंवा फरशीच्या दरजा उघडल्या की पाणी त्या भरावात मुरतं आणि खालच्या घराच्या छतातून ठिबकू लागतं. ही ओल बाराही महिने राहते. फक्त पावसाळ्यात येते ती गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून. हा फरक खिशाला कळतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे संडास, बाथरूम, सिंक यांतून होणारी आतली गळती ज्याच्या घरातून होते त्या सभासदाने दुरुस्त करायची असते. गच्ची आणि बाहेरच्या भिंतींचं काम सोसायटीचं. त्यामुळे डाग दिसला की वरच्या मजल्यावर कोण राहतं आणि त्यांच्याशी या घराचं बोलणं आहे का, हेही विचारून घ्यावं. अनेक गळत्या वर्षानुवर्षं चालू राहतात, त्या दोन शेजाऱ्यांच्या अबोल्यामुळे.

खरं भय त्यापुढच्या टप्प्याचं आहे. पाणी स्लॅबमधल्या सळ्यांपर्यंत पोचलं की लोखंड गंजतं, गंज फुगतो आणि भोवतालचं काँक्रीट आतून फोडतो. समुद्राजवळच्या इमारतींत खाऱ्या हवेतले क्षार हेच काम लवकर करतात. छताच्या पोपड्यामागे तांबूस सळी दिसली, किंवा बोटाने ठोकल्यावर स्लॅबचा बद्द आवाज आला, तर प्रश्न एका घराचा उरत नाही, इमारतीचा होतो. म्हणून तीन खोल्या जुन्या रंगाच्या आणि एकच ताजी रंगवलेली, किंवा एकाच छताला नवंकोरं पीओपी, असं दिसलं तर तिथे थांबून कारण विचारावं. ज्या घरातली ओल उघडी दिसते, त्या मालकाने निदान काही लपवलेलं नसतं.

आता दक्षिणेच्या दाराकडे. पसंत पडलेलं घर होकायंत्र काढल्यावर नापसंत होण्याचे प्रसंग रोज घडतात. पण ज्या शास्त्राचा हवाला दिला जातो ते स्वतः इतकं सरसकट बोलत नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत घराच्या प्रत्येक बाजूचे आठ भाग करून तिथल्या दारांची वेगवेगळी फळं सांगितली आहेत, आणि त्यात दक्षिणेच्या बाजूलाही चांगलं फळ देणारा भाग आहे. शिवाय ते सगळं अंगण असलेल्या सुट्या घरासाठी होतं. आजच्या फ्लॅटचं दार बहुधा आतल्या पॅसेजमध्ये उघडतं, तिथे ऊन कुठल्याच दिशेने येत नाही.

ऊन-पावसाचा हिशेब मांडला तर दक्षिण उलट सौम्य ठरते. मे महिन्याच्या मध्यावर पुण्या-मुंबईत भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि शून्य सावलीचा दिवस होतो. नंतर जुलै संपत येईपर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेकडेच असतो, म्हणजे ऐन जूनमध्ये दक्षिणेच्या भिंतीला थेट ऊन लागत नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो तेव्हा त्याच बाजूने कोवळं ऊन घरात शिरतं. त्रास देते ती पश्चिम. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतरचं तिरपं ऊन पश्चिमेच्या भिंतीवर तास न् तास पडतं आणि ती भिंत रात्री झोपायच्या वेळेला उष्णता सोडते. नैर्ऋत्येकडून येणारा पाऊसही पश्चिमेलाच झोडपतो. ज्याला दिशा पाहायचीच आहे त्याने पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा आहे का आणि त्या भिंतीला बाहेरून तडे आहेत का, हे पाहावं. तेही जमल्यास जुलै-ऑगस्टमध्ये.

लिफ्टचं कारण मात्र शंभर टक्के खरं आहे. तळमजला अधिक तीन मजल्यांच्या जुन्या इमारतींमध्ये वरच्या घरांना गिऱ्हाईक कमी मिळतं, कारण विकत घेणाऱ्याला आपल्या आईवडिलांचे गुडघे दिसत असतात. पार्किंगबद्दल एवढंच सांगायला हवं की सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात मोफा, म्हणजे महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्याचा अर्थ लावताना, खुलं किंवा स्टिल्टखालचं पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असं स्पष्ट केलं. जुन्या सोसायटीत ‘पार्किंग विकत घेतलंय’ असं मालक म्हणाला, तर सोसायटीचं वाटपाचं पत्र पाहिल्याशिवाय त्याचे पैसे मोजू नयेत.

पाण्यामुळे घर नाकारणारे लोकही चुकत नाहीत. पुणे महापालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये आणखी 23 गावं आली. हद्द वाढली, पण नळ त्या वेगाने पोचले नाहीत. टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत मेंटेनन्सचा मागच्या मे महिन्याचा आकडा विचारला की खरी किंमत कळते.

आता ज्या गोष्टी घर पाहताना नजरेला पडत नाहीत त्यांच्याविषयी. वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमधली घरं पाहायला गेलेल्या कुणालाही तिथे दोष दिसला नसता. सात इमारती, मोक्याची जागा, हवेशीर खोल्या. परवानगी मात्र पाचच मजल्यांची होती आणि त्यातली एक इमारत 20 मजल्यांपर्यंत चढली होती. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरचे मजले बेकायदा ठरवले आणि जून 2014 मध्ये त्या घरांची वीज, पाणी, गॅस तोडण्यात आले. दोन-तीन दशकं तिथे संसार करणारी कुटुंबं होती ती. त्या घरांना भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे रोजच्या बोलीतली ‘ओसी’, कधीच मिळालेलं नव्हतं. मंजूर नकाशाप्रमाणे बांधकाम झालं आहे आणि इमारत राहण्याजोगी आहे, हे महापालिकेने लिहून दिलेला तो कागद. अशा इमारती आजही कमी नाहीत, आणि स्वयंपाकघरातल्या टाइल्सचा रंग आवडला नाही म्हणून घर नाकारणारे लोक ओसी न विचारता टोकन देतात, हे फार वाईट आहे.

नदीकाठचंही तसंच. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर दोन पूररेषा असतात. साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. जानेवारीत ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणून दाखवलेल्या गॅलरीतून त्या रेषा दिसत नाहीत. 25 जुलै 2024 रोजी खडकवासल्यातून मुठेत मोठा विसर्ग झाला आणि पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतल्या सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं. माणसांना होड्यांतून बाहेर काढावं लागलं. पानशेतचा पूर पाहिलेल्या शहरात नदीकाठच्या घराचा व्यवहार पूररेषेचा नकाशा न बघता होऊ नये.

इमारतीच्या वयावरूनही लोक नाही म्हणतात, पण वय हा कच्चा निकष आहे. महाडची तारीक गार्डन 24 ऑगस्ट 2020 रोजी कोसळली आणि 16 जणांचा जीव गेला, तेव्हा ती इमारत जेमतेम दशकभराची होती. तपासणीचा अहवाल वयापेक्षा जास्त सांगतो. आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे शेवटचा अहवाल मागावा आणि त्यात सुचवलेली कामं झाली का, हेही विचारावं.

जुन्या इमारतीत आणखी एक प्रश्न अभिहस्तांतरणाचा, म्हणजे कन्व्हेयन्सचा. ते झालं नसेल तर घर सभासदाचं, पण जमीन कागदोपत्री अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर असते, आणि पुनर्विकासाची वेळ आली की तिथेच गाडी अडते. मोफात 2008 च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली, त्यामुळे बिल्डर सही करत नसला तरी सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. अर्ज केलाच नसेल, तर ते काम घर घेतल्यावर नव्या सभासदाच्याही वाट्याला येतं. मिळकत पत्रिकेवर सोसायटीचं नाव चढलं आहे का, ते शहरात नगर भूमापन कार्यालयात तपासता येतं.