तुपाचा लिटर आणि तुपाचा किलो एक नव्हे

'लिटरचं भांडं भरलं म्हणजे किलो झाला' असं आपण सहज म्हणून जातो. पाण्यापुरतं ते खरं आहे. दूध-तुपाला हा हिशेब लावला तर खिशाला चाट बसते, नाहीतर गिऱ्हाईक तुटतं.

आधी दुधाचं पाहू. दूध पाण्यापेक्षा जड. एक लिटर दुधाचं वजन साधारण १ किलो ३० ग्रॅम भरतं. म्हणजे घरून मापाने १० लिटर दूध नेलं तर काट्यावर ते १० किलो ३०० ग्रॅमच्या आसपास दिसलं पाहिजे. काटा दहाच किलो दाखवत असेल तर उरलेलं दूध कुठं गेलं, हे जागेवरच विचारा. पावतीवरचा आकडा लिटरचा की किलोचा, तेही पाहा. किलोला १.०३ ने भागलं की लिटर मिळतात. १०० किलो म्हणजे सुमारे ९७ लिटर.

तुपाचं याच्या उलट. स्निग्ध पदार्थ पाण्यापेक्षा हलका. लोणी कढवून गाळलेलं पातळ तूप लिटरला साधारण ९१० ग्रॅम भरतं. एक किलो तुपाला सुमारे १,१०० मिलिलिटरची बरणी लागते. समजा, दर ६०० रुपये किलो आहे. मग लिटरची बरणी ५४६ रुपयांची झाली. तिचे ६०० घेतले तर गिऱ्हाईकाला ९० ग्रॅम तूप कमी गेलं. पौड-पिरंगुटला तूप नेणारं पुण्याचं गिऱ्हाईक घरी वजन करतं, हे विसरू नका. उलट, लिटरचा दर ठरवून व्यापाऱ्याने किलोने तूप उचललं, तर किलोमागे ५४ रुपये आपले बुडाले.

त्यात उष्णतेचा खेळ वेगळाच. एक लिटर सोयाबीन तेल २१ अंशांना ९१९.१ ग्रॅम, तर ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम भरतं. ही तफावत दाखवूनच केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये खाद्यतेल कंपन्यांना वेष्टनावर तापमान न लिहिता आकारमानासोबत वजनही छापायला सांगितलं. तुपाचंही तसंच. गरम तुपाने काठोकाठ भरलेली बरणी निवली की खाली बसते. थंडीत रवाळ तूप चमच्याने भरलं तर मध्ये पोकळ्या राहतात. माप फसवतं, वजन फसवत नाही. ताम्हिणी घाट उतरून कोकणात गेलात तर कोकमाचं तेल थिजवून त्याचे गोळे केलेले दिसतील. त्याचाही व्यवहार वजनानेच करणं शहाणपणाचं.

तेव्हा तूप वजनानेच विका. रिकाम्या बरणीचं वजन आधी करून ते वजा करा आणि चिठ्ठीवर निव्वळ वजन लिहा. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैध मापन विभागाकडून दर वर्षी पडताळणी करून घ्यावी लागते. त्या शिक्क्याची तारीख पाहा. ग्रामपंचायतीने दूध संकलन केंद्रावर 'एक लिटर दूध = १.०३ किलो' एवढी एक ओळ ठळक रंगवून घेतली, तरी रोजचे निम्मे वाद मिटतील.