हिरवा दिवा लागला, तरी गाडी का हलत नाही?
लेखमाला : रस्ते आपल्या गावचे – भाग ६

मागच्या भागात कल्याण-बदलापूर रस्ता कुठे रुंद झाला आणि कुठे अडला, ते पाहिले. या वेळी चौकांकडे वळू. उल्हासनगरचे शांतीनगर असो, १७ सेक्शन असो की अंबरनाथचा मटका चौक, कोंडी झाली की पहिली मागणी ठरलेली असते, 'सिग्नल बसवा'. सिग्नल असेल तर दुसरी मागणी, 'हिरव्याची वेळ वाढवा'. या दोन्ही मागण्या करण्याआधी सिग्नलच्या हातात नेमके किती आहे, ते तपासलेले बरे.

सिग्नल असलेला वेळ चारही बाजूंना वाटून देतो. या वाटपात थोडी घट येतेच. हिरवा लागल्यावर पुढचा चालक गिअर टाकून निघेपर्यंत आणि पिवळ्यानंतर चौक मोकळा होईपर्यंत दर पाळीला चारेक सेकंद वाया जातात. चार पाळ्यांच्या एका फेरीचे झाले सोळा. एका मिनिटाच्या फेरीत उरतात ४४ सेकंद, दोन मिनिटांच्या फेरीत १०४. म्हणून फेरी लांबवण्याचा मोह होतो. पण फेरी लांबली की थांबलेल्या बाजूंच्या रांगाही लांबतात. उल्हासनगर जेमतेम १३ चौरस किलोमीटरचे शहर आणि २०११ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या पाच लाखांवर होती. अशा दाट शहरात चौक एकमेकांना खेटून असतात. एका चौकातली रांग मागच्या चौकात शिरली की तिथला हिरवा दिवाही फुकट जातो.

मग हिरव्या दिव्यात किती गाड्या सुटतात, हे ठरवते कोण? याचे उत्तर वेब्स्टर या ब्रिटिश संशोधकाने १९५८ मध्ये मांडले. त्याच्या हिशेबाप्रमाणे, साडेपाच मीटर किंवा त्याहून रुंद रस्त्यावर दिवा तासभर सलग हिरवा राहिला, तर रुंदीच्या दर मीटरमागे ५२५ मोटारी सुटतात. आपल्याकडच्या अभियंत्यांनीही हे सूत्र वर्षानुवर्षे वापरले. २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने भारतीय रहदारीसाठी वेगळी पुस्तिका काढली. तिच्यात आकडे बदलले, पण हिशेबाचा पाया रुंदीच राहिला.

आता हा हिशेब चौकात आणून बघू. थांबा-रेषेच्या कडेला प्रवाशांची वाट बघत शेअर रिक्षांची एकच रांग उभी आहे आणि तिने दीड मीटर रुंदी खाल्ली आहे, असे धरा. दोन मिनिटांच्या फेरीत त्या बाजूला ३० सेकंद हिरवा मिळत असेल, तर दर फेरीला साडेसहा मोटारींची जागा गेली. तासाभरात तीस फेऱ्या होतात, म्हणजे जवळपास दोनशे मोटारी मागे राहिल्या. रिक्षांच्या पुढे फळांची गाडी आणि मागे माल उतरवणारा टेम्पो लागला की नुकसान आणखी वाढते. हे नुकसान घड्याळातून भरून काढायचे, तर दुसऱ्या बाजूच्या लोकांचे सेकंद काढून घ्यावे लागतात.

जागेचा हिशेब चौक ओलांडल्यावरही संपत नाही. पलीकडच्या तोंडाशीच रिक्षा प्रवासी उतरवत असेल, तर सुटलेल्या गाड्या चौकाच्या मध्यात अडकतात आणि आडव्या रस्त्याला हिरवा लागला तरी तिथली रहदारी हलत नाही. दिवे बंद पडले नसतानाही वाहतूक पोलिसाला शिट्टी घेऊन मध्ये उभे राहावे लागते, ते अनेकदा यामुळेच.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या आपल्या तिन्ही गावांची आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे रेल्वे. रूळ गाव दुभागतात, त्यामुळे पूर्व-पश्चिम जाणारी सगळी वाहने मोजक्या पुलांवर आणि भुयारी मार्गांवर येऊन आदळतात. बदलापूरला उड्डाणपूल आणि बेलवलीचा भुयारी मार्ग यांच्यावर किती भार पडतो, ते पावसाळ्यात भुयारात पाणी साचले की कळते. शिवाय इथली गर्दी लोकलच्या वेळेने येते. संध्याकाळी बारा डब्यांची गाडी रिकामी झाली की पुढची पाच मिनिटे स्टेशन रोडला रिक्षा, दुचाकी आणि पायी माणसे यांची झुंबड उडते, मग ओसरते, मग पुढची लोकल येते. ठरावीक सेकंदांवर चालणारा सिग्नल सरासरी गर्दी धरून लावलेला असतो. लोकल आल्याचे त्याला कळत नाही. रस्त्यावरची रांग ओळखून वेळ बदलणारे सिग्नल असतात आणि अशा ठिकाणी ते उपयोगी पडतील. मात्र गाडी सुटायला समोर जागाच नसेल, तर हुशार सिग्नलही हतबल.

ही जागा मोकळी ठेवायची कोणी? चौकाजवळ गाडी उभी करायला वाहतूक नियमांत मनाई आहेच. ती अमलात आणायची वाहतूक पोलिसांनी. फेरीवाले आणि रिक्षा थांब्यांची सोय लावण्यात महापालिकेचा किंवा नगरपरिषदेचा वाटा, आणि रस्त्याचे काम तिसऱ्याच यंत्रणेकडे. शिवाय कल्याण-बदलापूर रस्ता एक असला तरी आपल्या तिन्ही गावांत मिळून त्यावर एक महापालिका आणि दोन नगरपरिषदा लागतात. त्यामुळे एका चौकाची रिक्षा पुढच्या चौकात सरकवली, की काम झाल्यासारखे वाटते. रिक्षावाल्याला हाकलून प्रश्न सुटत नाही. त्याला चौकापासून शंभर पावलांवर थांबा आखून द्यावा लागतो आणि प्रवाशांनीही तेवढे चालायला तयार व्हावे लागते.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी प्रभाग कार्यालयात निवेदन द्याल, तेव्हा नव्या सिग्नलच्या आधी एक मागणी लिहा : चौकाच्या चारही तोंडांना पन्नास-पन्नास मीटर रस्ता मोकळा ठेवा, आणि रिक्षांना त्याच्या पलीकडे हक्काचा थांबा द्या. खर्च थोडा आहे. तेवढे करून बघा, मग सेकंदांचा हिशेब मांडू.

(पुढील भागात : पादचाऱ्याला रस्ता ओलांडायला किती सेकंद लागतात?)