उष्णतेचा ताळेबंद

जी रासायनिक प्रक्रिया स्वतःच उष्णता उत्पन्न करते, तिच्या रिअ‍ॅक्टरमधून निघणारा तप्त प्रवाह पाण्याने निववावा आणि आत जाणारा थंड कच्चा माल बॉयलरच्या वाफेने तापवावा, हा दुहेरी अपव्यय टाळण्यासाठी धातूच्या नळ्यांच्या आडून एका प्रवाहाची उष्णता दुसऱ्यास देणारे उपकरण म्हणजे उष्णता-विनिमयक, कारखान्याच्या बोलीतील हीट एक्सचेंजर होय. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली कार्ल्सरूह येथे सिद्ध केलेल्या आणि कार्ल बॉश यांनी १९१३ साली ओपाऊ येथे कारखान्याच्या रूपास आणलेल्या अमोनिया-निर्मितीतही बाहेर पडणारा वायू येणाऱ्या वायूस तापवीत असे.

परंतु प्रवाह अनेक झाले, की कोणाची जोडी कोणाशी लावावी हा प्रश्न बिकट होतो. समजा, रिअ‍ॅक्टरमधून निघालेला प्रवाह २०० अंशांवरून ४० अंशांपर्यंत निवताना दर अंशास १५ किलोवॉट देतो. कच्चा माल ३० वरून १५० पर्यंत तापण्यास दर अंशास १० किलोवॉट, आणि ऊर्ध्वपातनाकडे जाणारा द्रव १५० वरून १९० पर्यंत नेण्यास दर अंशास ३० किलोवॉट मागतो. जमा २४०० आणि खर्चही २४०० किलोवॉट; तेव्हा वरकरणी बाहेरच्या वाफेची गरजच दिसत नाही. प्रत्यक्षात सर्वांत तप्त प्रवाह सर्वांत थंड मालास देऊन टाकला, तर तो १२० अंशांवर उतरतो, दुसऱ्या द्रवास निरुपयोगी ठरतो, आणि १२०० किलोवॉट वाफ व तितकेच शीतन पदरी येते. उलट त्याचा २०० ते १६० अंशांचा भाग प्रथम ऊर्ध्वपातनाच्या द्रवास देऊन मग कच्च्या मालाकडे वळविला, तर हे दोन्ही आकडे ६०० वर येतात.

याहून कमी मात्र कोणत्याही चातुर्याने होत नाहीत. कारण उष्णतेला परिमाणाप्रमाणे प्रतही असते, आणि दोन प्रवाहांत किमान १० अंशांचे अंतर राखावयाचे, तर १६० आणि १५० अंशांच्या दरम्यान एक अरुंद खिंड राहते. तीच ‘पिंच’. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधनाची काटकसर निकडीची झाली असताना, लीड्स येथे बोडो लिनहॉफ आणि जॉन फ्लॉवर यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून या विचाराला शास्त्रशुद्ध पद्धतीचे रूप येऊ लागले. पिंचच्या वर पाण्याने शीतन करू नये, खाली वाफेने तापवू नये, आणि पिंच ओलांडून उष्णता खाली उतरू देऊ नये. या नियमांचा भंग झाला, की जितकी उष्णता वाया जाते तितकीच वाफ अधिक लागते आणि तितकेच शीतनही वाढते.

अंतर १० अंशच का, याचा निर्णय खर्चाचा आहे: ते कमी करावे तर नळ्यांचे क्षेत्रफळ, आणि त्याबरोबर भांडवल, वाढते. शिवाय रिअ‍ॅक्टर आपल्याच उष्णतेने आपला माल तापवू लागला, की प्रक्रिया किंचित मंदावताच माल थंड जातो, त्यामुळे ती अधिक मंदावते आणि अखेर विझूही शकते. म्हणून आरंभासाठी वेगळ्या तापकाची आणि नियमनासाठी पर्यायी नळमार्गाची तरतूद करावीच लागते.

एकही उपकरण कागदावर उतरण्यापूर्वी किमान वाफेचा आकडा सांगता येणे, हे या शास्त्राचे खरे सामर्थ्य आहे. कारण त्या आकड्यामुळे अभियंत्यास आपल्या आराखड्यातील प्रत्येक जादा किलोवॉटचे कारण देण्याचे दायित्व टाळता येत नाही.