तिरोडीचा मे महिना आणि ट्रान्झिस्टरचा बायस

बालाघाट जिल्ह्यातल्या आपल्या तिरोडीत, मॅंगनीजच्या खाणींच्या गावात, हिवाळ्यातली पहाट आणि मेमधली दुपार यांत 30 अंशांचा फरक सहज पडतो. घरी अ‍ॅम्प्लिफायर जुळवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

तापमान 1 अंशाने वाढलं की बेस-एमिटर व्होल्टेज सुमारे 2 मिलिव्होल्टने घटतं. त्यात बीसी547चा बीटा 110 ते 800 यांत कुठेही असू शकतो. म्हणून बेसला एकच रेझिस्टर लावून केलेला बायस बेभरवशाचा.

12 व्होल्टवर हे करून बघा:
• बेसचा विभाजक: वर 56 किलोओहम, खाली 10 किलोओहम
• कलेक्टर: 4.7 किलोओहम
• एमिटर: 470 आणि 680 ओहम, एकापुढे एक
• जमिनीकडच्या 680 ओहमला समांतर 100 मायक्रोफॅरड

करंट साधारण 1 मिलिअ‍ॅम्पिअर, कलेक्टरवर 7 ते 7.5 व्होल्ट. करंट वाढू लागला की एमिटरचं व्होल्टेज वर जातं आणि करंटला आवर बसतो. 30 अंशांनीही तो जेमतेम 5 टक्के सरकतो.

गेन म्हणजे 4700 भागिले (470 + 26), सुमारे 9.5. यातले 26 ओहम ट्रान्झिस्टरचे स्वतःचे. 470 ओहमलाही कपॅसिटरने बगल दिलीत तर गेन 180च्या घरात जातो, पण तो करंट-तापमानाबरोबर बदलतो आणि आवाज फाटतो.

जास्त गेन हवा असेल तर दोन टप्पे जोडा, आणि सोल्डरिंगनंतर कलेक्टरचं व्होल्टेज आधी मोजा.